जनुकपरिवर्तित अंशाचे मापन

जनुकपरिवर्तित अंशाचे मापन : धान्य, बियाणे किंवा त्यांपासून तयार केलेले खाद्यपदार्थ यांत जनुकपरिवर्तित वाणांचा (परकीय जनुक प्रयोगशाळेत घालून तयार केलेल्या वाणांचा) अंश किती आहे, हे ठरविण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. हा अंश डोळ्यांना दिसत नाही. परिवर्तित सोयाबीनचा दाणा आणि साधा दाणा आकार, रंग, वजन व चव यांत सारखेच असतात. फरक असतो तो कोशिकेतील (पेशीतील) डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाच्या (डीएनएच्या) एका लहानशा तुकड्यापुरता आणि त्याच्यामुळे तयार होणाऱ्या एखाद्या प्रथिनापुरता. त्यामुळे डीएनएची परीक्षा हाच मापनाचा मुख्य आधार ठरला. या पद्धतींची उभारणी मुख्यतः १९९५ ते २००५ या काळात झाली. तिच्यामागे वैज्ञानिक कुतूहलापेक्षा व्यापार, कायदे व न्यायालयीन दावे ही कारणे अधिक प्रबळ होती. ‘किती टक्के?’ हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, हे या काळात क्रमाक्रमाने उघड होत गेले.

पूर्वपीठिका : एका जीवाचे जनुक दुसऱ्या जीवात बसविण्याचे तंत्र १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी सूक्ष्मजंतूंमध्ये यशस्वी करून दाखविले. परकीय जनुक घातलेल्या पहिल्या वनस्पती १९८३ मध्ये जाहीर झाल्या. योगायोगाने त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सीटस कंपनीत काम करणारे कॅरी मलिस यांना डीएनएच्या निवडक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची कल्पना सुचली. पॉलिमरेज शृंखला विक्रिया (पीसीआर) या नावाने ती प्रसिद्ध झाली व तिच्याबद्दल मलिस यांना १९९३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या विक्रियेत डीएनएचे दोन पदर उष्णतेने सुटे करतात, हव्या त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना जुळणारे प्रारंभक (डीएनएचे छोटे कृत्रिम तुकडे) त्यांना चिकटू देतात आणि एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या) साहाय्याने प्रत पूर्ण करतात. प्रत्येक आवर्तनात प्रतींची संख्या जवळजवळ दुप्पट होते. तीस आवर्तनांत एकाच्या शंभर कोटी होतात. आरंभी प्रत्येक आवर्तनानंतर नवे एंझाइम घालावे लागे. यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांत आढळलेल्या ‘थर्मस ॲक्वाटिकस’ या सूक्ष्मजंतूचे उष्णतेत टिकणारे एंझाइम वापरात आल्यावर (१९८८) ही प्रक्रिया यंत्रावर सोपविता आली. गवताच्या गंजीत सुई शोधण्यापेक्षा सुयांचीच गंजी करावी, असा हा उपाय होता.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९४ मध्ये ‘फ्लेव्हर सेव्हर’ हा उशिरा मऊ होणारा टोमॅटो बाजारात आला आणि १९९६ मध्ये तणनाशक सहन करणारे सोयाबीन व कीडरोधक बीटी मका यांची व्यापारी लागवड सुरू झाली. अमेरिकन व्यवस्थेत शेकडो शेतांतील धान्य एकाच कोठारात व एकाच जहाजात ओतले जाते. परिवर्तित व साधे दाणे वेगळे ठेवण्याची कोणतीही सोय तिच्यात नव्हती आणि अमेरिकन शासनाला तिची गरजही वाटत नव्हती. १९९६ च्या अखेरीस असे मिश्र सोयाबीन यूरोपच्या बंदरांत उतरले, तेव्हा ग्राहकांच्या व पर्यावरणवादी संघटनांच्या विरोधामुळे ‘यात ते आहे की नाही?’ हा प्रश्न पहिल्यांदा प्रयोगशाळांसमोर आला.

‘आहे की नाही’ : पहिल्या परीक्षा केवळ गुणात्मक होत्या. त्या काळातील बहुतेक वाणांत परकीय जनुकाचे कार्य चालू करणारा प्रवर्तक फुलकोबीच्या मोझेइक रोगाच्या व्हायरसापासून घेतलेला असे (३५ एस प्रवर्तक), तर जनुकाच्या शेवटी असणारा समापक ॲग्रोबॅक्टिरियम या मृदेतील सूक्ष्मजंतूपासून घेतलेला असे. हे दोन तुकडे शोधले की अनेक वाणांची एकत्र चाळणी होई. या सोयीत धोकाही होता. फुलकोबीच्या कुलातील एखाद्या पिकाला त्या व्हायरसाचा नैसर्गिक संसर्ग झालेला असल्यास साधे पीकही परिवर्तित ठरे. उलट, ज्या वाणांत हे दोन्ही तुकडे नसत ती चाळणीतून सुटत. म्हणून पुढे परकीय तुकडा व त्या वनस्पतीचा स्वतःचा डीएनए जेथे जुळतात, त्या सांध्याचीच परीक्षा करण्यात येऊ लागली. जनुक वनस्पतीच्या गुणसूत्रावर प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी बसत असल्याने हा सांधा प्रत्येक वाणघटनेत (एकाच यशस्वी जनुकनिवेशापासून निर्माण झालेल्या वंशात) निराळा असतो व बोटाच्या ठशासारखा उपयोगी पडतो. मात्र तो शोधण्यासाठी त्याची रचना आधी माहीत असावी लागते, म्हणजेच वाण तयार करणाऱ्या कंपनीने ती द्यावी लागते. यूरोपीय संघाने २००३ च्या कायद्यान्वये परवानगीच्या अर्जाबरोबर शोधपद्धती व नमुने देणे बंधनकारक केले, ते यासाठीच.

पीसीआरची अतिसंवेदनशीलता ही तिची उणीवही आहे. हवेतील धूलिकणाबरोबर आलेला किंवा आधीच्या प्रयोगातून उरलेला एखादा रेणूही होकारार्थी उत्तर देतो. मेक्सिकोतील वाहाका या मक्याच्या मूळ प्रदेशात देशी वाणांमध्ये परिवर्तित डीएनए सापडल्याचा डेव्हिड क्विस्ट व इग्नासिओ चापेला यांचा निबंध २००१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. त्यातील पद्धतीवर तीव्र टीका झाली आणि उपलब्ध पुरावा प्रकाशनास पुरेसा नव्हता, असे त्या नियतकालिकाने एप्रिल २००२ मध्ये जाहीर केले. नंतरच्या पाहण्यांपैकी एकीत (२००५) काही आढळले नाही, तर दुसरीत (२००९) पुन्हा काही ठिकाणी आढळले.

टक्केवारीचा उगम : यूरोपीय संघाच्या १९९८ च्या नियमानुसार परिवर्तित सोयाबीन व मका यांच्या पदार्थांत परकीय डीएनए किंवा प्रथिन असल्यास वेष्टनावर तसे लिहिणे आवश्यक झाले. किती असल्यास, हे त्यात सांगितले नव्हते. एका रेणूचाही शोध लागू शकतो अशा काळात हा नियम पाळणे अशक्यच होते. म्हणून २००० मध्ये नकळत झालेल्या मिश्रणासाठी १ टक्क्याची मर्यादा आली. पुढील कायद्याच्या वेळी यूरोपीय आयोगाने १ टक्का सुचविला, यूरोपीय संसदेने ०.५ टक्क्याचा आग्रह धरला आणि शेवटी तडजोड ०.९ टक्क्यावर झाली. एप्रिल २००४ पासून हीच मर्यादा लागू आहे. हा आकडा विषशास्त्रातून किंवा मापनशास्त्रातून आलेला नाही, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. जपानने २००१ मध्ये ५ टक्के, दक्षिण कोरियाने ३ टक्के, तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडने १ टक्का ही मर्यादा ठरविली. म्हणजे एकच धान्य एका बंदरात साधे व दुसऱ्या बंदरात परिवर्तित ठरू लागले.

२००४ च्या यूरोपीय कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. शुद्ध केलेल्या सोयाबीन तेलात डीएनए जवळजवळ उरत नाही. तरीही ते परिवर्तित सोयाबीनपासून काढले असल्यास वेष्टनावर तसा उल्लेख करणे सक्तीचे झाले. येथे प्रयोगशाळेचा उपयोग संपतो व कागदपत्रांवर विसंबावे लागते.

टक्केवारी काढण्यासाठी १९९६ च्या सुमारास प्रचारात आलेले तत्कालदर्शी पीसीआर यंत्र उपयोगी पडले. यात प्रती वाढत असतानाच त्यांच्या प्रमाणात प्रकाश बाहेर पडतो आणि ठराविक प्रकाशमर्यादा कितव्या आवर्तनात ओलांडली गेली, यावरून आरंभीच्या प्रतींची संख्या काढतात. एकाच नमुन्यात परकीय जनुक आणि त्या पिकात नेहमीच असणारे एक संदर्भ जनुक (उदा., सोयाबीनमधील लेक्टिनाचे) यांचे मापन करून त्यांचे गुणोत्तर घेतात. ही पद्धत सुंदर असली, तरी तिची मर्यादा आकड्यांत पाहण्यासारखी आहे. दुप्पट प्रमाणास एक आवर्तन लागते. म्हणून १ टक्का व ०.९ टक्का यांत केवळ ०.१५ आवर्तनाचा फरक पडतो. यूरोपातील नियामक प्रयोगशाळांच्या जाळ्याने (स्थापना २००२) मान्य केलेल्या निकषांत भिन्न प्रयोगशाळांच्या निष्कर्षांत सुमारे ३५ टक्क्यांपर्यंतचे सापेक्ष विचलन चालते. कायद्याने आखलेली रेषा मापनाच्या रेषेहून कितीतरी बारीक आहे. यास्तव मापनातील अनिश्चितता वजा केल्यावरही आकडा मर्यादेबाहेर राहत असेल, तरच कारवाई करण्याची प्रथा पडली.

कशाचे टक्के? : बेल्जियममधील गेल येथील यूरोपीय संदर्भ द्रव्य संस्थेने परिवर्तित व साध्या दाण्यांचे पीठ वजनाच्या ठराविक प्रमाणात मिसळून प्रमाणित संदर्भ द्रव्ये तयार केली. प्रयोगशाळा आपली यंत्रे त्यांच्याशी ताडून पाहत. परंतु यंत्र वजन मोजत नाही. ते डीएनएच्या प्रती मोजते. सोयाबीनमध्ये या दोहोंत फारसा फरक पडत नाही, मक्यात मात्र मोठा पडतो.

मक्याच्या दाण्यातील गर्भाला मातेकडून एक व पित्याकडून एक असे गुणसूत्रांचे दोन संच मिळतात. पुष्कात (गर्भाच्या पोषणासाठी असलेल्या अन्नसाठ्यात) तीन संच असतात व त्यांपैकी दोन मातेचे असतात. दाण्याची साल तर केवळ मातेचीच असते. शेजारच्या शेतातून आलेल्या परागामुळे दाणा परिवर्तित झाला, म्हणजेच जनुक पित्याकडून आले, तर गर्भात एकद्वितीयांश, पुष्कात एकतृतीयांश व सालीत शून्य इतकेच जनुकसंच परिवर्तित असतात. परिणामी शंभर दाण्यांपैकी दोन दाणे असे असले, तर दाणे मोजणारा २ टक्के म्हणेल आणि प्रती मोजणारा १ टक्क्याहूनही कमी म्हणेल. एकाच्या मते माल नियमाबाहेर, तर दुसऱ्याच्या मते नियमात. जनुक मातेकडून आले असल्यास हे उत्तर पुन्हा बदलते. शिवाय संकराने दोन-तीन परिवर्तने एकत्र आणलेल्या वाणांचा प्रसार झाला, तेव्हा एकच दाणा दोनदा-तीनदा मोजला जाऊ लागला. यूरोपीय आयोगाने २००४ मध्ये एकगुणित जनुकसंचाच्या प्रतींवरून टक्केवारी काढण्याची शिफारस केली. अनधिकृत वाणांच्या अल्पांशाबाबतच्या २०११ च्या नियमात मात्र वजनाचाच आधार घेतला. जपानने मिश्र गुणांच्या मक्यासाठी दाण्यांवर आधारलेली परीक्षा स्वीकारली. यांपैकी कोणतीही रीत चूक नाही; प्रत्येक रीत वेगळी वस्तू मोजते.

पिकाच्या जनुकसंचाच्या आकारामुळेही मर्यादा पडते. भाताचा एकगुणित जनुकसंच सुमारे ०.४५ पिकोग्रॅम (पिकोग्रॅम = ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) वजनाचा, मक्याचा सुमारे २.६, तर गव्हाचा सुमारे १७ पिकोग्रॅम वजनाचा असतो. परीक्षेसाठी नेहमी घेतात त्या १०० नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम = ग्रॅमचा अब्जावा भाग) डीएनएमध्ये भाताच्या सव्वादोन लाखांच्या आसपास, मक्याच्या ३८ हजार व गव्हाच्या फक्त सहा हजार प्रती मावतात. एक दशांश टक्का परिवर्तित अंश म्हणजे भातात सव्वादोनशे प्रती, पण गव्हात अवघ्या सहा. आणि सहा रेणू मोजताना योगायोगाचा वाटाच मोठा होतो. द्रवाचे हजारो थेंब करून प्रत्येक थेंबात ‘आहे की नाही’ एवढेच पाहणाऱ्या अंकीय पीसीआरमुळे (मूळ कल्पना १९९९, थेंबांची व्यापारी यंत्रे सुमारे २०११ पासून) तुलनाद्रव्याशिवाय प्रती मोजता येऊ लागल्या. मूळचा नमुनाच तोकडा असेल, तर त्याला या यंत्राकडेही उपाय नाही.

नमुना घेण्याची बाब सर्वांत उपेक्षित असली, तरी तीच सर्वांत निर्णायक आहे. हजारात एक दाणा परिवर्तित असेल, तर तो सापडण्याची शक्यता ९५ टक्के व्हावी म्हणून सुमारे ३,००० दाणे तपासावे लागतात. जहाजातील धान्यही सरमिसळ झालेले नसते, एकेका शेताचे धान्य थरांनी राहते. आयात सोयाबीनच्या १५ मालांची जी पाहणी यूरोपीय संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात बहुतेक माल एकजीव नसल्याचेच दिसून आले.

स्टारलिंक व तांदूळ प्रकरणे : मापनाचे महत्त्व सर्वसामान्यांस कळले ते ‘स्टारलिंक’ मक्यामुळे. या वाणातील क्राय९सी हे कीडनाशक प्रथिन उष्णतेत व पचनात लवकर मोडत नाही. ते मनुष्यात अधिहर्षता (ॲलर्जी) निर्माण करील काय, याविषयी निर्णय न झाल्याने अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८ मध्ये हा मका फक्त पशुखाद्य व औद्योगिक उपयोग यांसाठी मंजूर केला. एकच पीक, एकच कोठार आणि दोन वेगळे उपयोग ही अट कागदावरच राहणार, हे खरे तर तेव्हाच दिसावयास हवे होते. सप्टेंबर २००० मध्ये पर्यावरणवादी संघटनांच्या एका आघाडीने दुकानातून विकत घेतलेली टॅको नावाची मक्याची कवचे आयोवातील एका खाजगी प्रयोगशाळेकडून तपासून घेतली. त्यांत क्राय९सी जनुक सापडले. शासकीय परीक्षेत त्यास पुष्टी मिळाली आणि सुमारे तीनशे पदार्थ बाजारातून परत घ्यावे लागले. जपान व दक्षिण कोरिया येथेही हा मका आढळला. वास्तविक त्या वर्षी देशातील मक्याच्या एकूण क्षेत्रापैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी क्षेत्र या वाणाखाली होते.

यानंतर धान्य कोठारांच्या दारात प्रथिन ओळखणाऱ्या कागदी पट्ट्यांनी ट्रकमागून ट्रक तपासले गेले. त्यासाठी २,४०० दाण्यांचा नमुना सुचविण्यात आला. दाण्यांचे प्रमाण पाचशेत एक असले, तरी एवढ्या नमुन्यात ते ९९ टक्के खात्रीने सापडते. पट्टी स्वस्त असते व काही मिनिटांत उत्तर देते, परंतु शिजविलेल्या पदार्थात प्रथिन बदलून जाते व तेथे डीएनएवरच भिस्त ठेवावी लागते. आजारी पडल्याची तक्रार करणाऱ्या ज्यांच्या रक्ताची शासनाने तपासणी केली, त्यांच्यात या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली नाहीत. वाण मागे घेण्यात आला. भाव पडल्याने नुकसान झालेल्या शेतकऱ्यांशी २००३ मध्ये सुमारे ११ कोटी डॉलरची तडजोड झाली. मक्याची ही तपासणी चालू ठेवण्याची शासकीय शिफारस २००८ मध्ये मागे घेण्यात आली.

याहूनही महाग पडला तो तांदूळ. एलएल ६०१ या तणनाशक सहन करणाऱ्या वाणाच्या चाचण्या २००१ मध्येच संपल्या होत्या व तो बाजारात कधीच आला नव्हता. ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेच्या लांब दाण्याच्या तांदळात त्याचा अंश असल्याचे कृषिखात्याने जाहीर केले. तो दहा हजार दाण्यांत सहा दाण्यांच्या आसपास होता. परवानगी नसलेल्या वाणाला ०.९ टक्क्याची सवलत लागू होत नाही, त्याची मर्यादा शून्यच असते. यूरोपने लगोलग प्रमाणपत्राची अट घातली व निर्यात कोसळली. हा अंश नेमका कोणत्या मार्गाने मिसळला, हे शासकीय चौकशीतही निश्चित झाले नाही. बायर कंपनीने २०११ मध्ये शेतकऱ्यांना ७५ कोटी डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले. ज्यांनी असे बी कधी पेरले नव्हते, असे शेतकरी या व्यवहारात भरडले गेले होते.

भारत : भारतात प्रश्न प्रथम उलट्या बाजूने उपस्थित झाला. बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळण्यापूर्वीच, २००१ च्या हंगामात गुजरातमध्ये ‘नवभारत १५१’ या वाणात क्राय१एसी जनुक असल्याचे परीक्षेत उघड झाले होते. पुढे महाराष्ट्र, गुजरात व आंध्र प्रदेश येथील शेतकऱ्याला चिंता होती ती परकीय जनुक बियाण्यात आहे याची नव्हे, तर पैसे मोजूनही ते नसण्याची. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बियाणे व पान यांतील बीटी प्रथिन शेतावरच ओळखण्याची साधने तयार केली, ती या बनावट बियाण्यांच्या सुळसुळाटामुळे. संकरित वाणाच्या बोंडातील सरकी पुन्हा पेरली, तर एक जनुक असलेल्या वाणात सुमारे चौथ्या हिश्श्याच्या झाडांत ते उतरतच नाही. स्वस्तात विकल्या जाणाऱ्या अशा बियाण्याच्या बाबतीत टक्केवारी हा शेतकऱ्याच्या नफ्यातोट्याचा प्रश्न होता.

मंजुरी नसलेला तणनाशक-सहिष्णू कापूस २०१७ च्या सुमारास मोठ्या प्रमाणावर आढळला व शासनाने बियाण्यांचे नमुने प्रयोगशाळांकडे पाठविले. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने हे बियाणे जाहीरपणे पेरून बंदीचा निषेध केला. पेरणाऱ्यांनीच कबुली दिल्यामुळे तेथे परीक्षेला औपचारिकतेपलीकडे अर्थ उरला नव्हता. वेष्टनावर परिवर्तित अन्नाचा उल्लेख करण्याचा नियम १ जानेवारी २०१३ पासून आला, पण त्यात अंशाची मर्यादा नव्हती. आयात होणाऱ्या २४ खाद्यपिकांसाठी २०२० च्या आदेशाने नकळत मिश्रणाची मर्यादा १ टक्का ठरली व ती २०२१ मध्ये अंमलात आली. त्याच वर्षी जूनमध्ये भारतातून गेलेल्या तुकडा तांदळाच्या पिठात परिवर्तित अंश आढळल्याची सूचना फ्रान्सने दिली. भारतात परिवर्तित भाताची व्यापारी लागवड होत नाही, असे केंद्र शासनाने सांगितले. अंश आहे हे परीक्षा सांगू शकते. तो शेतात, गिरणीत की परदेशी गोदामात शिरला, हे ती सांगू शकत नाही.

जनुकसंपादनाच्या नव्या तंत्राने या मापनाच्या पायालाच प्रश्न केला आहे. यात वनस्पतीच्या स्वतःच्या डीएनएमधील एखाददुसरे अक्षर बदलले जाते. परकीय तुकडा नसतो, त्यामुळे त्याचा सांधाही नसतो. यूरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये अशी पिके परिवर्तितच होत, असा निर्णय दिला. भारताने मार्च २०२२ मध्ये परकीय डीएनए नसलेल्या अशा पिकांना १९८९ च्या नियमांतील महत्त्वाच्या तरतुदींमधून वगळले व मे २०२५ मध्ये जनुकसंपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. बदललेले अक्षर कोणते हे आधी माहीत असल्यास पीसीआरने ते शोधता येते. मात्र ते प्रयोगशाळेत बदलले की शेतात आपोआप बदलले, याची खूण डीएनएमध्ये राहत नाही.